परसभर नळी

गेल्या रमजान ईदला माझी मुलगी पुण्याहून अकोटला आली. शीरखुर्म्याच्या वाट्या उचलल्या गेल्या न गेल्या तोच तिनं बैठकीत जुनी सतरंजी अंथरली आणि बॅगेतून काळ्या रबरी नळ्यांचं एक जंजाळ काढून तिच्यावर मांडलं. ईद मुबारक करायला आलेले शेजारचे काका दारातच थबकले. बराच वेळ निरखून त्यांनी विचारलं, ''फवारणी पंपाच्या नळ्या काय पोरी?'' कपाशीच्या मुलखात रबरी नळी दिसली की माणसाला पहिल्यांदा फवारणीच आठवणार. त्यात त्यांची चूक नाही.

त्या नळ्या समुद्राच्या होत्या. अकोटपासून जवळात जवळचा समुद्र चारशे किलोमीटरच्या पलीकडं. आमच्या उत्तरेला सातपुडा, नरनाळ्याचा किल्ला आणि मेळघाट, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा. मीठ आमच्याही पाण्यात आहे, समुद्र मात्र नाही. तरी मुलगी तारकर्लीला जाऊन पाण्याखाली श्वास घ्यायला शिकून आली होती आणि आता स्वतःची सामग्री घेत होती. प्रश्न एकच अडला होता. कोणती नळी किती लांब घ्यायची आणि अंगावरून कुठून कशी न्यायची?

''अब्बा, हे टोक धरा जरा,'' म्हणत तिनं मोजपट्टीचं एक टोक माझ्या हाती दिलं. मी कलाशाखेचा बी.ए., कविता करणारा माणूस. श्वास हा शब्द मीही कवितेत फार स्वस्तात वापरलेला आहे. पण तो श्वास नळीतून यायचा असेल तर तिची लांबी किती असावी, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. म्हणजे कवी म्हणून आलं नव्हतं. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून हा प्रश्न मला फार जुना आहे. त्याच्याकडं येतोच.

लहानपणी विहिरीत पोहताना आम्ही पोरं पपईच्या पानाचा देठ तोडून आणायचो. आतून तो पोकळ असतो. एक टोक तोंडात, दुसरं पाण्याच्या वर, आणि आपण खाली दडून बसायचं. हातभर खाली जाईपर्यंत गंमत वाटायची. त्याच्याखाली गेलं की छाती फुगेचना. वाटायचं, देठात कचरा अडकला. कचरा नसायचा. दर दहा मीटर खोलीला पाणी एका वातावरणाइतका दाब वाढवतं. मीटरभर खोलीवर सगळ्या छातीवर त्याचा दहावा हिस्सा जादा बसतो आणि नळीतून येणारी हवा मात्र वरच्या, हलक्या दाबाचीच असते. बरगड्यांचे स्नायू तेवढा भार उचलू शकत नाहीत. म्हणून नळी कितीही लांब घेतली तरी नुसत्या नळीनं माणूस खोल जात नाही. पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तोंडाशी आली पाहिजे. पाणबुड्याच्या साऱ्या यंत्रांचा इतिहास म्हणजे ही एवढी गोष्ट साधण्याची धडपड आहे.

ती धडपड समुद्रापासून नव्हे, विहिरीपासून सुरू झालेली दिसते, आणि त्याचं मला विशेष वाटलं. नवव्या शतकात बगदादला मुसा बिन शाकिरचे तीन मुलगे होते, मुहंमद, अहमद आणि हसन. 'बनू मुसा' या नावानं ते ओळखले जातात. इसवी सन ८५०च्या सुमारास त्यांनी 'किताब अल्-हियल' म्हणजे युक्त्यांचं पुस्तक लिहिलं. त्यात शंभराच्या आसपास यंत्रं आहेत. बरीचशी कारंजी आणि दरबारी करमणुकीची भांडी आहेत. पण शेवटाकडं दोन कामाच्या वस्तू येतात. एक म्हणजे पाण्याच्या तळाशी पडलेली वस्तू पकडून वर काढणारा जबडा. आपण विहिरीत बादली पडली की गळ टाकतो, त्याचा हा थोरला भाऊ. दुसरी म्हणजे वाईट हवा भरलेल्या विहिरीत उतरणाऱ्या माणसानं श्वासासाठी चेहऱ्यावर लावायचं साधन. दरबारात मानाची जागा असलेल्या विद्वानांना विहीर खणणाऱ्या मजुराच्या श्वासाची काळजी करावीशी वाटली, म्हणजे बगदादेतही विहिरींनी माणसं खाल्ली असणार.

पुढं हजार वर्षांनी फ्रान्समध्ये हीच गोष्ट पुन्हा दिसते. बेन्वा रुकेरॉल हा कोळशाच्या खाणींवरचा इंजिनिअर. खाणीत विषारी हवा कोंडली की माणसं मरत आणि त्यांना काढायला गेलेलीही मरत. त्यांच्यासाठी त्यानं १८६० साली एका नियामकाचं पेटंट घेतलं. माणूस श्वास ओढील तेवढीच हवा देणारं हे यंत्र होतं. त्याच्याच गावचा ऑग्युस्त देनेरूझ नावाचा नौदलातला अधिकारी त्याला भेटला आणि १८६४ साली ते यंत्र पाण्यात उतरलं. पाठीवर हवेचा लोखंडी डबा, आणि त्याला वरून पंपानं हवा पुरवणारी नळी. ज्यूल व्हर्नच्या १८७०च्या प्रसिद्ध कादंबरीत कॅप्टन नेमोची माणसं समुद्राच्या तळावर फिरतात ती याच यंत्रात सुधारणा करून. हा नेमो मुळात आपल्या बुंदेलखंडचा राजपुत्र होता, हे व्हर्ननं पुढच्या एका कादंबरीत उघड केलं. असो.

नळीच्या मार्गाची खरी गोष्ट मात्र १९४३ सालची आहे. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी गॅसवर चालवत. आपल्याकडंही त्या काळात मागं भट्टी बांधलेल्या कोळशाच्या मोटारी होत्या आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलाव्या लागत, असं जुनी माणसं सांगत. पॅरिसमध्ये एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरनं अशा मोटारींसाठी गॅस बेतानं सोडणारा एक व्हॉल्व्ह बनवला होता. नौदलातला जाक कुस्तो त्याच्याकडं गेला, आणि दोघांनी तो व्हॉल्व्ह माणसाच्या श्वासासाठी बदलून घेतला. पहिली चाचणी मार्न नदीच्या गार पाण्यात झाली. आडवं पोहताना यंत्र उत्तम चाले. उभं राहिलं की हवा फुकट भळभळून जाई, आणि डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढता जीव जाई.

दोघं विचार करत परतले आणि कारण सापडलं ते अगदी साधं. हवा देणारा व्हॉल्व्ह होता पाठीवर आणि उच्छ्वास सोडायचं भोक होतं तोंडाशी. माणूस उभा राहिला की या दोन जागांच्या उंचीत वीतभराचा फरक पडतो, आणि पाण्यात वीतभर उंची म्हणजे तेवढा दाब. उपाय असा की उच्छ्वासालाही एक नळी जोडायची आणि ती डोक्याला वळसा घालून पुन्हा पाठीवर, त्याच व्हॉल्व्हच्या शेजारी न्यायची. दोन्ही तोंडं एका पातळीवर आली आणि यंत्र सुधारलं. जुन्या चित्रांत पाणबुड्याच्या दोन्ही गालांवरून दोन जाड, वळ्यावळ्यांच्या नळ्या मागं गेलेल्या दिसतात. मला त्या नेहमी आजोबांच्या हुक्क्याच्या नळीसारख्या वाटत. त्यातल्या एकीतून हवा येत नव्हती, ती फक्त परत जात होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. नावेवरून लांब नळीनं हवा पुरवण्याच्या पद्धतीला पाणबुडे आजही हुक्काच म्हणतात.

या जाड नळ्या लांब करता येत नसत. त्यांत हवा आजूबाजूच्या पाण्याच्याच दाबाची, म्हणून मंद, आणि नळी रुंद हवी. ती गाठ सोडवली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडनं. १९५०च्या सुमारास त्यानं यंत्राचे दोन तुकडे केले. पहिला सिलिंडरच्या तोंडावर बसतो आणि दोनशे वातावरणांइतका दाब आठ-दहावर आणतो. दुसरा तोंडात धरायचा, तो उरलेला दाब पाण्याइतका करून श्वास देतो आणि उच्छ्वासही तिथल्या तिथं बाहेर टाकतो. मधे एकच बारीक नळी. दाबाखालची हवा बारीक नळीतूनही वेगानं धावते, म्हणून आता नळी हवी तेवढी लांब करता येऊ लागली. माझ्या मुलीपुढचा प्रश्न जन्माला आला तो इथं. पूर्वी निवडच नव्हती.

आता हे बोलताना मला नळी दाखवता येत नाही, तेव्हा तुम्ही कल्पना करा. पाठीवर उभा सिलिंडर. त्याच्या माथ्यावर मुठीएवढा धातूचा गठ्ठा, त्यातून चार नळ्या फुटतात. डाव्या बाजूनं दोन जातात. एक फुगायच्या जॅकेटला आणि दुसरी हवा किती उरली ते सांगणाऱ्या काट्याला. उजव्या बाजूनं श्वासाच्या दोन. पहिली उजव्या खांद्यावरून थेट तोंडात, पाऊण मीटरच्या आसपास. दुसरी मीटरभराची, पिवळ्या रंगाची, छातीपाशी अडकवलेली. ती आपल्यासाठी नसतेच. सोबत्याची हवा संपली तर त्याच्यासाठी. नळ्यांच्या या पसाऱ्यामुळं तिला 'ऑक्टोपस' म्हणतात. ही सोय १९६०-७०च्या दशकांत रुळली. त्याआधी एकच तोंडपट्टी दोघांत फिरवायची रीत होती, दोन श्वास तुझे, दोन माझे. घाबरलेला माणूस दोनवर थांबत नाही, ही त्यातली अडचण.

लांबी कमी झाली तर मान वळवताना तोंडपट्टी ओढली जाते आणि जबडा दुखतो. जास्त झाली तर नळी कमानीसारखी अंगाबाहेर येते. आपल्या कोकण किनाऱ्यावर हे विशेष जपायला हवं, मुलगी सांगत होती, कारण खडकांत मासेमारीची फाटकी जाळी अडकून राहिलेली असतात आणि लोंबती नळी त्यांत सहज गुंतते. लोंबती पिवळी नळी वाळूत फरफटली की वाळू आत जाते, आणि नेमकी गरजेच्या वेळी ती चालत नाही.

म्हणून दुसरी एक पद्धत आली. ती समुद्रातून नाही, अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांतून आली. तिथं वर डोकं काढायला आकाशच नसतं. हवा संपली तर आल्या वाटेनंच परत जायचं, आणि वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत. एकामागं एकच जावं लागतं. शेक एक्स्ली नावाच्या पाणबुड्यानं तिथल्या मृत्यूंचा एकेक करून अभ्यास केला आणि १९७९ साली त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. आत जाताना तिसरा हिस्सा हवा, बाहेर येताना तिसरा आणि उरलेला तिसरा राखीव, हा नियम त्या लोकांचा. लांब नळी रुजवण्याचं श्रेयही एक्स्लीलाच देतात. सात फुटांची, म्हणजे दोन मीटरला थोडी जास्त. तो स्वतः १९९४ साली मेक्सिकोतल्या एका अतिखोल कुंडात गेला तो परत आला नाही.

ही लांब नळी अंगावरून नेण्याचा मार्ग मुलीनं मला सतरंजीवर उभं करून दाखवला. सिलिंडरच्या उजवीकडून पाठीमागं खाली, उजव्या कमरेशी पट्ट्याखाली, तिथून छातीवरून तिरपी डाव्या खांद्याकडं, मानेमागून वळसा आणि उजवीकडून तोंडात. जानव्याची आठवण यावी असा हा मार्ग. स्वतःसाठीचं दुसरं तोंड आखूड, वीत-दोन वीत नळीवर, रबरी दोरीनं हनुवटीखाली माळेसारखं. समुद्रात, जिथं गुहा नाही, तिथं सातऐवजी पाच फूट पुरते. ती कमरेपर्यंत न नेता उजव्या काखेखालूनच छातीवर घ्यायची.

मग तिनं एक गोष्ट सांगितली आणि माझ्या हातातलं मोजपट्टीचं टोक सुटलं.

''अब्बा, या पद्धतीत सोबत्याला राखीव नळी देत नाहीत. आपल्या तोंडात आहे ती काढून देतात. आपण हनुवटीखालची घेतो.''

''का?''

''कारण तोंडातली चालू आहे, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. आणि बुडणारा माणूस तिच्याकडंच झेपावतो.''

आता ती जुनी गोष्ट.

१९८४चा मे महिना. मी आठवीची परीक्षा देऊन मोकळा होतो. आमच्या शेतात बारा परस खोल विहीर होती. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमच्याकडं विहिरी त्यानंच मोजत. त्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि काठावरचं डिझेल इंजिन पाणी ओढेना. सक्शन पाईप लांब करून काही होत नाही, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो आदर्श स्थितीतही दहा मीटरच्या थोडंच वर नेतो आणि शेतातल्या पंपाला सहा-सात मीटर मिळाले तरी खूप. माझ्या पपईच्या देठाला जो नियम, तोच या पाईपाला. मग उपाय एकच, इंजिनच खाली न्यायचं. विहिरीच्या पोटात, निम्म्या खोलीवर, खोबणीत लाकडं टाकून पाटी बांधली आणि इंजिन तिच्यावर बसवलं. असं त्या काळी कितीतरी शेतांत होतं.

एका सकाळी आमचा सालदार इंजिन बंद करायला उतरला तो वर येईना. हाका मारल्या, उत्तर नाही. माझे चाचा धावत आले. ते अडाणी नव्हते. विहिरीत वाईट हवा असते हे त्यांना माहीत होतं, म्हणून आधी त्यांनी दोरीनं कंदील सोडून पाहिला. कंदील पाटीपर्यंत गेला आणि जळतच राहिला. तेवढ्यावर विश्वास ठेवून चाचा उतरले. दोघांनाही संध्याकाळी काढलं.

कंदील खोटं बोलला नव्हता. प्राणवायू फार कमी झाला असता तर तो विझला असता. पण इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. तो थोडा असला तरी माणसाला पुरतो, आणि थोड्यानं ज्योत विझत नाही. त्याला स्वतःचा वास नाही, रंग नाही. रक्तातल्या ज्या कणांवर प्राणवायू बसतो, त्यांवर तो दोनशे पटींहून अधिक घट्ट बसतो. आमच्या वाडवडिलांची कंदिलाची खूण जुन्या विहिरींसाठी खरी होती. विहिरीत इंजिन आलं, आणि खूण तीच राहिली. हे मला कळलं ते खूप वर्षांनी. अम्मीला ते मी कधी सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की कंदील नीट पाहिला नसेल.

पुढं वीज आली, पाण्यात बुडणाऱ्या मोटारी आल्या. त्या खालून पाणी ढकलतात, त्यांना खोलीची अडचण नाही आणि धूरही नाही. आमच्या त्या विहिरीत आता अशीच मोटार आहे.

ईदनंतर मुलीनं पाच फुटांचीच नळी घेतली. तारकर्लीला तिला सात फुटांचं काम नव्हतं, आणि जादा नळी खोचून ठेवायची कटकटही नको होती. मला तरी सात फुटांची आवडली होती. ती बरोबर परसभर भरते.

डिसेंबरात ती मला मालवणला घेऊन गेली. १६६४ साली जिथं शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली त्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांत आज लोक मासे आणि पोवळी पाहायला उतरतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानं तारकर्लीला पाणबुडीचं शिक्षण देणारी संस्थाही काढली आहे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. थंडीत पाणी निवळतं आणि गर्दी होते. कमरेएवढ्या पाण्यात मुलगी आणि तिची मैत्रीण समोरासमोर गुडघ्यांवर बसल्या. मैत्रिणीनं गळ्यावरून आडवा हात फिरवला, म्हणजे हवा संपली. मुलीनं तोंडातली नळी काढून मान वाकवली आणि ती पुढं केली. नळी मानेवरून सुटून सरळ झाली. तोवर तिच्या दुसऱ्या हातानं हनुवटीखालचं तोंड उचललं होतं. सगळं मिळून चार-पाच सेकंद. त्या दोघींनी हे सातआठ वेळा केलं. मी दर वेळी मोजत होतो.

मग त्यांनी मलाही वाळूवर बसवून एक श्वास घ्यायला लावला. कोरडी, गार हवा, रबराची चव. मी तोंडपट्टी काढली आणि विचारलं, ''ही हवा भरतात कुठं?''

मुलीला वाटलं, अब्बांना कंप्रेसर पाहायची हौस आहे. हौस नव्हती. ज्या नळीबद्दल ईदच्या दिवशी आमचं बोलणंच झालं नव्हतं, ती मला पाहायची होती. सिलिंडरात हवा भरणारा कंप्रेसर जिथून हवा ओढतो ती नळी. तिचं तोंड एखाद्या इंजिनाच्या धुराच्या वाऱ्यात आलं तर तो धूर सिलिंडरात जातो, आणि खोलीवर दाब वाढला की त्याचा परिणामही वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, तीस मीटरवर चौपट. अशी मरणं पाणबुड्यांच्या जगात झालेली आहेत. अंगावरची नळी पाच फूट घ्या की सात, त्याला ती काही करू शकत नाही.

तिथला पोरगा मला मागच्या अंगणात घेऊन गेला. ''काका, काय बघताय?'' त्यानं विचारलं. मी वर बोट केलं. कंप्रेसरचा पाईप भिंतीवरून छपराच्या वर दीडेक परस उंच गेला होता आणि त्याचं तोंड समुद्राच्या वाऱ्याकडं वळवलेलं होतं. जनरेटर कुठं आहे, असं विचारलं. तो विरुद्ध बाजूला, माडांच्या पलीकडं. मी तिथवर चालत गेलो, वारा कुठून येतो ते उपरणं धरून पाहिलं आणि परत येऊन वाळूवर बसलो. मुलगी तोवर नावेत चढली होती.